पाचही फोटोंत पुढे एस.टी.

गांधीधाम
६ जुलै २०२६

अक्का,

फोन मी कापला, आपटला नाही. आपटणं काय असतं ते नानांना विचार, ते तुझ्याच घरात राहतात. आणि "नवल, तुझ्या तोंडाला लगाम नाही" हे तू या वेळी म्हणायचं नाही. नोटीस माझ्या नावाची आली आहे, तुझ्या नाही.

तू म्हणालीस, फोनवर तू ओरडतोस, नाना तिकडून ओरडतात, मी मधे सापडते. काय ते कागदावर लिही, कागदावर ओरडता येत नाही. घे, लिहितो. आठवी नापास माणसाचं अक्षर आहे, लावून वाच.

एका वर्षात पाच वेळा सिग्नल तोडला. तर तुमचं लायसन तीन महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा २४ जुलैला द्या. असंच आहे ना? पाच वेळा! अक्का, मी चार वर्षांत धुळ्यात पाय ठेवला नाही. मोटारसायकल माझ्या नावावर आहे, पण उभी तुझ्या दारात आणि किल्ली तुझ्या खुंटीला. येताना ती किल्ली मी कोणाच्या हातात दिली होती? तुझ्या नवऱ्याच्या, प्रेमराज पाव्हण्यांच्या. मग चालवणारा कोण, हे मी तुला विचारायचं की तू मला सांगायचं?

तुला वाटतं तीन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. इथं तेलाच्या टर्मिनलच्या गेटवर रोज लायसन मशीनमध्ये टाकतात. नंबर बंद दिसला की माणूस बाहेर. टँकर एक दिवस उभा राहत नाही, शेठ दुसरा ड्रायव्हर बसवतो, आणि तीन महिन्यांनी मी परत गेलो तर तो ओळख दाखवणार नाही. हा टँकर मिळवायला मी दोन वर्षं क्लीनर म्हणून टायर ठोकले आहेत.

वर नाना. नरडाण्याजवळ माझा टेम्पो पलटी झाला तेव्हा त्यांच्या एस.टी. डेपोच्या बठ्ठ्या, सगळ्या लोकांसमोर पोटच्या पोराबद्दल म्हणाले होते, "याना हातमा बैलगाडी बी देऊ नका." त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्यावर एक चलन नाही. एक नाही! आता नोटीस बघून काय म्हणत असतील ते मला इथं ऐकू येतं.

मेसेज मला का आले नाहीत तेही कळलं. ते जुनं सिम मी नानांना देऊन आलो होतो. टुंग टुंग वाजलं असेल, त्यांनी जाहिरात समजून सोडून दिलं असेल.

नोटीस आणि फोटो पाठव. फोटोवर माणूस दिसतो. मग बोलू.

नवल

*

धुळे
१० जुलै २०२६

चि. नवल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर लागतं, राग जास्त लागतो.

नोटीस सोबत पाठवते आहे. फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढले. त्याच्याकडची शाई संपत आली होती, म्हणून काळपट आलेत. चार धुळ्याचे आहेत, हायवेच्या चौकातले. पाचवा जळगावचा.

पहिली गोष्ट, यांनी तुझ्या गाडीला फेब्रुवारीपासून हात लावलेला नाही. पहाटेपासून शाळेची व्हॅन, मग दुपारची पाळी, यांना वेळ कुठे? आणि शाळेच्या व्हॅनवाल्याने सिग्नल तोडला असं एकदा उठलं, की कोणती आई आपलं लेकरू त्या गाडीत बसवेल? हे तुला मी सांगायला नको.

मग कोण, ते मला विचारू नकोस. मी कोणाला तरी शब्द दिला आहे.

मी म्हणते, तूच लिहून दे की चूक झाली, पुन्हा होणार नाही. दंड भरून टाकू. पहिलीच नोटीस आहे, साहेब समज देऊन सोडतीलही. नाहीच सोडलं तर तीन महिने घरी ये. चार वर्षं झाली. यंदा आखाजीच्या सणाला तुझ्या नावाची पोळी मी गाईला घातली, माहीत आहे?

नाना बरे आहेत. पेपर वाचायचं मात्र सोडलंय, म्हणतात त्यात आता काही राहिलं नाही. तुझं नाव काढत नाहीत, पण गुजरातच्या गाडीचा अपघात कुठे झाला म्हटलं की टीव्हीचा आवाज मोठा करतात.

रागावू नकोस भाऊ. जेवत जा.

तुझी रत्ना

*

गांधीधाम
१४ जुलै २०२६

अक्का,

जाकीट.

फोटोत हेल्मेट आहे, काळी काच आहे, तोंड दिसत नाही. पण पाठीवर दोन चमकणाऱ्या पट्ट्या आणि मधे आमच्या ट्रान्सपोर्टच्या चाकाचं चित्र आहे. असं जाकीट धुळ्यात एकच आहे. मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीला पार्सलनं पाव्हण्यांना पाठवलं होतं. तू फोनवर म्हणाली होतीस, "हे अंगातून काढतच नाहीत." आठवतं?

आणि जळगाव! फैजपूरला त्यांची बहीण दिली आहे, केळीच्या बागेत त्यांचा वाटा आहे. जळगावावरून नाही जाणार तर काय उडून जाणार?

शब्द कोणाला दिलास ते कळलं. नवऱ्याला दिलास. दे, बायकोनं द्यावाच. पण मग माझं काय, मी परका? पाव्हण्यांची व्हॅन म्हणजे व्हॅन आणि माझा टँकर म्हणजे पत्र्याचा डबा? चूक झाली असं मी लिहून द्यायचं, म्हणजे नाना म्हणायला मोकळे, बघा, मी म्हणालो नव्हतो? टँकर हातात आल्यापासून मी रस्त्यावर शिवी ऐकून घेतो पण ओव्हरटेक करत नाही, ते कशासाठी? त्या एका वाक्यासाठी.

तर ऐक. इथल्या एका माणसानं सांगितलं, गाडी दुसरा चालवत होता तर त्याचं नाव आणि लायसन नंबर मालकानं लिहून द्यायचा. मग कारवाई त्याच्यावर. मी फॉर्म भरला. नाव, प्रेमराज. लायसन नंबर माझ्याकडे होताच, गाडीच्या इन्शुरन्सच्या वेळी घेतला होता. खाली सही केली.

कागद योगराजकडे दिला आहे. जामनेरचा आहे, आमच्यातलाच ड्रायव्हर. जळगावला माल उतरवायला निघाला, वाटेत धुळ्याला थांबून आर.टी.ओ. ऑफिसात देईल. ऑफिस कुठं ते माहीत नाही म्हणाला, म्हणून तुझ्या घराचा पत्ता दिला. चहा पाज आणि रस्ता दाखव. एवढं तरी भावासाठी कर.

नवल

*

गांधीधाम
१७ जुलै २०२६

अक्का,

हे पत्र जास्तीचे पैसे भरून पाठवतोय. योगराज आला तर कागद घे आणि फाड. त्याला फोन लावतोय, बंद येतो. तुला लावला, तर तुझा मोबाईल नानांनी उचलला. मी ठेवून दिला. कसं बोलणार?

आज दुपारी गेटबाहेर लायनीत चार तास उभा होतो. पुढं ऐंशी गाड्या. करायला काही नाही म्हणून फोटो काढून पुन्हा बघितले. त्या दिवशी जाकीट दिसलं आणि डोक्यात सणक गेली, बाकी काही पाहिलंच नव्हतं.

पहिल्या फोटोत हात आहे. उजवा हात, खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर, पंजा पुढं. मी उजवीकडे वळतोय, असा. तिसऱ्यात तोच. चौथ्यात तोच. जळगावच्या फोटोत हात वरखाली होताना धरलाय, म्हणजे मी गाडी हळू करतोय, मागच्यांनी सांभाळा. अक्का, पाव्हणे इंडिकेटर देत नाहीत, हात कुठला दाखवणार! सबंध धुळे जिल्ह्यात मोटारसायकलवर असा हात दाखवून वळणारा माणूस एकच आहे. त्यानं मला अंगणात पाटावर बसवून, ताटली स्टेअरिंग म्हणून हातात देऊन तो हात शिकवला.

मग मी दुसरी गोष्ट बघितली. पाचही फोटोंत मोटारसायकलच्या पुढं एस.टी. आहे. कधी अर्धी, कधी नुसता मागचा लाल पत्रा. एस.टी. पिवळ्यावर निघून गेलेली, आणि तिच्या मागोमाग लाल लागल्यावर आपली गाडी. पाच वेळा योगायोग होत नाही. त्यांना सिग्नल दिसत नाही. ते एस.टी. बघतात. ती निघाली की निघतात.

आणि मला काय शिकवलं होतं? "पुढच्या गाडीच्या मागं आंधळ्यासारखं जायचं नाही. तिचा ड्रायव्हर तुझा ड्रायव्हर नाही." हे मी माझ्या टँकरच्या काचेवर खडूनं लिहिलंय. रोज वाचतो.

पेपर सोडला म्हणालीस. मी काय वाचलं होतं त्यात, डोंबल!

आता मी काय करू? आधी वाटलं, माझं नाव राहू दे. लिहून देतो की चूक माझी. टँकर गेला तर गेला, पुन्हा टायर ठोकीन. बत्तीस वर्षं एस.टी. चालवली त्यांनी, एक ओरखडा नाही, बिनअपघाताचा बिल्ला मिळालेला माणूस. त्याचं नाव त्या यादीत मी घालू?

मग लायनीत गाडी दहा फूट पुढं सरकली आणि दुसरा विचार आला. मी माझ्या अंगावर घेतलं तर नाना गाडी चालवतच राहतील. लायसन माझं बंद आणि रस्त्यावर ते. एक दिवस एस.टी. निघेल आणि आडव्या बाजूनं एखादा माझ्यासारखा येईल, तीस टन घेऊन. त्याला ब्रेक लागणार नाही. मला माहीत आहे, भरलेली गाडी थांबत नाही.

मी त्यांच्यावर फॉर्म भरला तर ते माझं तोंड बघणार नाहीत. नाही भरला तर कदाचित मला त्यांचं तोंड बघायला मिळणार नाही.

अक्का, तू सांग. पण आधी ती किल्ली लपव. आज. पत्र हातातून ठेवायच्या आधी.

नवल

*

धुळे
१७ जुलै २०२६

नवल,

तुझा योगराज काल दुपारी आला. मी शिलाई मशीनवर होते. दार नानांनी उघडलं. ड्रायव्हर आहे म्हटल्यावर त्यांनी त्याला खाट दिली, पाणी दिलं, गाडी कोणती, ॲव्हरेज किती, सगळं विचारलं. त्या भल्या माणसाने कौतुकाने सांगितलं, "तुमच्या पोऱ्याचा कागद आहे, ऑफिसात द्यायचा आहे." नानांनी हात पुढे केला.

कागद हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग उजेडाकडे वळले. मग मला म्हणाले, "अक्षर कसं काढस हाऊ! रत्ना, वाच."

मी काय करणार होते? खोटं वाचावं असं एकदा मनात आलं. पण योगराज समोर बसलेला. मी वाचलं. "सदर वाहन माझे मेव्हणे प्रेमराज हे चालवीत होते." हे जेवायला आत बसले होते, त्यांच्यापर्यंत गेलं. हातातला घास तसाच राहिला. हे उठले, खुंटीवरचं तुझं जाकीट काढलं, घडी केली आणि कपाटावर टाकून व्हॅनवर निघून गेले. भाऊ, तू शिव्या दिल्या असत्यास तरी बरं होतं.

आता शब्दाचं काही राहिलं नाही. ते नाना होते. नोटीस आली त्या दिवशी मी त्यांना वाचून दाखवली, तारखा त्यांनीच जुळवल्या. मंगळवार, शुक्रवार ते शिंदखेड्याला जातात, आपलं जुनं घर झाडायला. दिवा लावून येतात. मला म्हणाले, नवलला कळलं तर मी शिंदखेड्याला जाऊन एकटा राहीन, तुझ्या दारात येणार नाही. मी घाबरले. जाकीट थंडीपासून तेच घालतात, "पोऱ्यानं धाडेल शे", पोरानं पाठवलंय, म्हणतात. तुला हे कधी सांगायचं नाही अशीही ताकीद होती.

आणि जळगाव कशासाठी, ऐक. डोळे दाखवायला. धुळ्यात दाखवले असते तर डेपोतल्या कोणीतरी पाहिलं असतं, म्हणून नव्वद किलोमीटर गाडी हाणत जळगावला गेले. डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, पिकलेला. गाडीला हात लावू नका म्हणाला. त्याचं ऐकून, परत येताना तिथलाच सिग्नल तोडला.

योगराज गेला तेव्हा कागद नानांच्या हातातच होता. त्याला म्हणाले, "तू जाय. हाऊ कागद मी देस." रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, "नाना, आता काय?" तर म्हणाले, "जवाईना नाव कसाले? माले काय नाव नही का?"

पण २४ तारखेला ऑफिसात गाडीवरच जाणार म्हणतात. शेवटची फेरी. किल्ली त्यांच्या खिशात आहे.

रत्ना

*

धुळे
२५ जुलै २०२६

चि. नवल,

तुझं पत्र एकवीसला मिळालं. आपली दोघांची पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार. तुझं मी नानांना वाचून दाखवलं. सगळं, भरलेली गाडी थांबत नाही तिथपर्यंत. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या मशीनच्या खणात टाकली आणि खण स्वतःच बंद केला.

काल एस.टी.नं गेलो. ड्रायव्हरच्या मागची सीट. चौकात बस थांबली तेव्हा मी म्हटलं, "नाना, लाल आहे." म्हणाले, "ड्रायव्हर थांबना म्हणजे व्हईच."

ऑफिसात एक तरुण बाई होती अधिकारी. नाना आधी तिच्याशीच भांडले. तो सिग्नल चुकीच्या जागी आहे, आमच्या वेळी तिथे सिग्नलच नव्हता, आणि बत्तीस वर्षं मी त्या चौकातून तुझ्या जन्माआधीपासून गाडी काढतो आहे. तिने ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, ती बस कोणती हो?"

नाना म्हणाले, "शिरपूर डेपोची. गिअरबॉक्स बोलतोय तिचा." खरंच शिरपूरची होती.

"बरोबर. नंबर सांगा."

नवल, मी आयुष्यात नानांना गप्प पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते कोणावर तरी ओरडत होते. बस वळून निघून गेली तरी ते खिडकीकडेच बघत होते. मग शर्टाच्या आतल्या खिशातून लायसन काढलं, प्लास्टिकच्या पिशवीतून, आणि तिच्या टेबलावर ठेवलं. जबाब स्वतः लिहिला. ओळी एकमेकींवर चढल्या, पण कोणाला हात लावू दिला नाही. दंड पेन्शनमधून भरला, पावती मागून घेतली. नोटिशीतून तुझं नाव काढलं. त्यांचं लायसन तीन महिने निलंबित, आणि डोळे तपासल्याचा कागद दिल्याशिवाय परत नाही.

बाहेर पडल्यावर डेपोतले रुपचंद आबा भेटले. नानांना म्हणाले, "अभिमन, इथे कसा?" मला वाटलं, आता नाना काहीतरी सांगतील, मुलाच्या कामासाठी आलो होतो वगैरे. म्हणाले, "लायसन जमा करना व्हतं. मीच तोडा सिग्नल. पाच."

ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र "बघू". पैशांचं कारण सांगतात. एका डोळ्याचे नऊ हजार सांगितलेत जळगावच्या डॉक्टरने. यांनी देतो म्हटलं, तर जावयाचे घेत नाहीत. तुझे तर तू पाठवतोस तसे परतच करतात.

खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे. लावून वाच.

रत्ना

नवल. लायसन जमा केले. तुझे नाव काढले. पत्र ऐकले. भरलेला टँकर उतारावर न्यूट्रल करू नको, सगळे करतात, तू करू नको. फॉर्म तू खरा भरला असता तरी मी राग धरला नसता, दोन दिवस धरला असता. पैसे पाठवू नको. अभिमन, चालक.

*

गांधीधाम
३० जुलै २०२६

अक्का,

नानांची चिठ्ठी कापून काचेवर लावली, खडूच्या ओळीखाली. क्लीनर विचारतो, हे कोणाचं अक्षर, डॉक्टरचं का? म्हटलं, ड्रायव्हरचं.

गेटवर लायसन टाकलं, चाललं. आत गेलो. टँकर भरायला लावला आणि केबिनमध्ये बसून राहिलो, उतरलोच नाही.

पाव्हण्यांना तीन वेळा फोन केला, त्यांनी उचलला नाही. बरोबर आहे. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाले, "बोला साहेब, आज कोणाचं नाव देताय?" मी म्हटलं, माझं द्या, जे म्हणाल त्याखाली सही करतो. मागं व्हॅनमधल्या पोरांचा कालवा चालला होता. मग म्हणाले, "गाडी चालवतोय, ठेव." फोनवर बोलत गाडी चालवायची नसते हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू सांग. आणि जाकीट कपाटावरून काढून ज्याला हवं त्याला दे, दोघांचं भांडण झालं तर मी दुसरं पाठवीन.

मोटारसायकल विकू नको. किल्ली खणातच राहू दे.

आता नानांना हे वाचून दाखव, मोठ्यानं. नाना, गाडी माझ्या नावावर आहे. चलन फाटतं तेव्हा कायदा मालकाला विचारतो, कोणाच्या हातात दिली होती? म्हणजे चालवणाऱ्याचा डोळा नीट आहे की नाही हे बघणं मालकाचं काम. मी चार वर्षं बघितलं नाही. तर हे पैसे मुलानं बापाला पाठवलेले नाहीत, ते तुम्ही परत केले असते. हे मालकानं चालकाच्या डोळ्यांसाठी दिलेले आहेत. एस.टी.त असताना वर्दीचे पैसे तुम्ही डेपोला कधी परत केले का?

नंतर लायसन परत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. डोळे नीट झाल्यावर त्या चौकात एकदा नुसते उभे राहून बघा, मग ठरवा.

कानबाईच्या सणाला येतोय, शेठनं चार दिवस दिले. एस.टी.नंच येईन. स्टँडवर उतरवून घ्यायला कोणी येऊ नका, मी पायी येईन.

एका डोळ्याचे नऊ, दोन्हींचे अठरा हजार. वर जळगावच्या पहिल्या फेरीचं भाडं. योगराजला विचारलं, त्यानं पूर्ण तिकिटाचे एकशे सत्तर धर म्हटलं. नानांचं वयामुळं अर्धं, तुझं बाईमाणूस म्हणून अर्धं, दोघं मिळून एक पूर्ण. जायचं एक, यायचं एक. येताना नानांच्या डोळ्याला पट्टी असेल, तर लाल आहे का हिरवा ते तू सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. पाव्हण्यांच्या खात्यावर टाकतोय, त्यांना सांगून टाकतोय: अठरा हजार तीनशे चाळीस रुपये.